‘आय डोन्ट थिंक’ चालतं, मग ‘आय डोन्ट होप’ का चालत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसच्या कॉलवर तुम्ही म्हणालात, ‘आय थिंक द सर्व्हर विल नॉट बी रेडी बाय फ्रायडे.’ परदेशातल्या सहकारी बाईंनी नंतर सुचवलं, ‘आय डोन्ट थिंक द सर्व्हर विल बी रेडी’ असं म्हणा. पुढच्या वेळी त्याच चालीवर तुम्ही ‘आय डोन्ट होप इट क्रॅशेस’ म्हणालात, तर तेही त्यांनी बदलायला लावलं. नॉट कुठे ठेवायचा याला काही नियम आहे, की ही नुसती बोलण्याची सवय आहे, हे तुम्हाला हवंय.

नियम आहे, आणि तो क्रियापदागणिक बदलतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या मोठ्या माणसांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते, अनुवादही तपासते. काळ आणि आर्टिकल्स यांवर आपण वर्षानुवर्षं घाम गाळतो, पण नकाराची जागा कुणी शिकवतच नाही. आर्टिकल चुकलं तर ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. नकार चुकीच्या जागी पडला तर तो वेगळाच अर्थ घेऊन जातो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून उत्तर जरा लांबलं तरी चालेल.

आधी तुमचं पहिलं वाक्य. ते चुकीचं नाही. व्याकरणात त्याला कुणी बोट लावू शकणार नाही. पण रोजच्या इंग्रजीत मत सांगताना नकार साधारणपणे थिंकनंतरच्या वाक्यात राहत नाही, तो उचलून थिंकच्या आधी ठेवतात. भाषाशास्त्रात याला नेग-रेझिंग म्हणतात, म्हणजे खालच्या, थिंकनंतर येणाऱ्या वाक्यातला नकार वरच्या, म्हणजे थिंकसारख्या मुख्य क्रियापदावर चढणं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 मध्येच या सवयीची नोंद केली होती. 1963 मध्ये चार्ल्स फिलमोर यांनी तिला आधुनिक व्याकरणाच्या चौकटीत मांडलं आणि तेव्हापासून तिच्यावर वाद चालू आहे. आपल्याला त्या वादात शिरायचं नाही, पण त्यातून निघालेल्या काही कसोट्या शिकणाऱ्याच्या फार उपयोगी पडतात. त्या पुढे सांगते.

मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही सवय मराठीत अगदी घरची आहे. ‘दादा येईल का रे आज?’ असं विचारलं तर आपण पटकन काय म्हणतो? ‘मला नाही वाटत येईल.’ झालं! नकार वाटण्यावर बसला आणि येणं होकारार्थी राहिलं. वाटत नाही म्हणजे डोक्यात काही मतच नाही, असा अर्थ कुणी घेत नाही. ‘येणार नाही’ हेच माझं मत आहे, हे पोराटोरालाही कळतं. हिंदीतलं ‘मुझे नहीं लगता’ही तसंच. मग इंग्रजी बोलताना ‘आय थिंक ही विल नॉट कम’ का येतं? माझ्या मते दोष भाषांतराच्या शालेय पद्धतीचा आहे. वहीत वाक्य असतं, ‘मला वाटते की तो येणार नाही.’ मुलं ‘मला वाटते की’ला ‘आय थिंक दॅट’ असा साचा पाठ करतात आणि उरलेलं त्याला जोडत जातात. घरात जे बोलतात ते वहीत कधी उतरतच नाही. म्हणून मी सांगते, वाक्य मराठीतून सुचत असेल तर वहीतल्या मराठीतून सुचू देऊ नका, बोलण्यातल्या मराठीतून सुचू द्या. ‘मला नाही वाटत’ तोंडात आलं की ‘आय डोन्ट थिंक’ आपोआप येतं.

नकार वर बसलेला असला तरी अर्थाने तो खालचाच असतो. याचा पुरावा इंग्रजी स्वतःच देतं. ‘आय डोन्ट थिंक ही इज कमिंग’ला शेपूट जोडून पाहा: ‘आय डोन्ट थिंक ही इज कमिंग, इज ही?’ नेहमीच्या नियमाने होकारार्थी वाक्यापुढे ‘इझन्ट ही’ लागतं आणि नकारार्थी वाक्यापुढे ‘इज ही’. इथे ‘ही इज कमिंग’ दिसायला होकारार्थी आहे, तरी शेपूट ‘इज ही’ लागलं. म्हणजे इंग्रजी माणसाच्या कानाला ते वाक्य आतून ‘ही इज नॉट कमिंग’ असंच ऐकू येतं.

दुसरी कसोटी अंटिलची, आणि ऑफिसात तीच जास्त कामाची. ‘ही विल बी बॅक अंटिल मंडे’ हे वाक्य होत नाही. परत येणं ही एका क्षणाची घटना आहे, अशा क्रियापदापुढे अंटिल आलं की त्याला नॉटचा आधार लागतो: ‘ही वोन्ट बी बॅक अंटिल मंडे.’ आता ‘आय डोन्ट थिंक ही विल बी बॅक अंटिल मंडे’ बघा. नॉट वर थिंकपाशी आहे, अंटिल खाली आहे, तरी वाक्य सुरळीत चालतं. थिंक काढून तिथे ‘से’ (म्हणणं) घाला: ‘ही डिडन्ट से ही वुड बी बॅक अंटिल मंडे.’ हे ऐकताच माणूस अडखळतो. परत येण्याबद्दल तो सोमवारपर्यंत काही बोललाच नाही, असा भलताच अर्थ त्यातून डोकावतो. कारण ‘से’वरचा नकार ‘से’लाच चिकटून राहतो, खाली झिरपत नाही. मराठीतही अशी खूण सापडते. ‘एकही माणूस येईल असं मला वाटत नाही’ हे वाक्य आपल्या कानाला सरळ लागतं. ‘एकही’ला नकार लागतो आणि तो त्याला वाटण्याकडून मिळतो.

अंटिलचा विषय निघालाच आहे तर हेही ध्यानात ठेवा. ‘सोमवारपर्यंत’साठी आपल्याकडे एकच शब्द आहे, इंग्रजीत बाय आणि अंटिल हे दोन वेगळे आहेत. ‘आय डोन्ट थिंक इट विल बी रेडी अंटिल मंडे’ म्हणजे सोमवारी तयार होईल, त्याआधी होणार नाही. ‘आय डोन्ट थिंक इट विल बी रेडी बाय मंडे’ म्हणजे सोमवार उजाडला तरी तयार नसेल. समोरचा माणूस या एका शब्दावर पुढच्या आठवड्याचं नियोजन करतो.

आता मुख्य प्रश्न. थिंकवर नकार चढतो, मग होपवर का नाही? अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांनी 1978 मध्ये याचं एक सुरेख कारण दिलं. मत किंवा खात्री दाखवणारी क्रियापदं एका पट्टीवर मांडली, तर एका टोकाला नुसती शक्यता येते, दुसऱ्या टोकाला पक्कं ज्ञान येतं आणि मध्ये अंदाज. नकार वर चढतो तो मधल्यांवर: थिंक, बिलीव्ह, सपोज, एक्स्पेक्ट, इमॅजिन, सीम. ‘ही डझन्ट सीम टु नो’ म्हणजे त्याला माहीत नसावं. मधल्या क्रियापदांचा नकार आणि त्यांच्या खालच्या वाक्याचा नकार यांत अंतर फार थोडं असतं. ‘मला वाटत नाही येईल’ आणि ‘मला वाटतं येणार नाही’ यांच्या मध्ये फक्त एकच गोष्ट बसते, ‘मला काहीच मत नाही’. पण ज्याला मत नाही तो बोलायला कशाला येईल? म्हणून ऐकणारा ती शक्यता आपणच खोडून टाकतो.

टोकाच्या क्रियापदांना ही सूट मिळत नाही. ‘आय डोन्ट नो दॅट ही टुक द मनी’ आणि ‘आय नो दॅट ही डिडन्ट टेक द मनी’ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात मला ठाऊक नाही, दुसऱ्यात मी त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही देते. शुअरचंही तेच. ‘आय ॲम नॉट शुअर इट विल वर्क’ म्हणजे शंका आहे, ‘आय ॲम शुअर इट वोन्ट वर्क’ म्हणजे खात्री आहे. सभ्य ब्रिटिश संभाषणात पहिलं वाक्य पुष्कळदा दुसऱ्याचं काम करतं, तेव्हा तुमचा ब्रिटिश वरिष्ठ ‘आय ॲम नॉट शुअर’ म्हणाला तर ‘अजून विचार चालू दिसतोय’ असं समजून निवांत बसू नका. ‘आय डोन्ट नो दॅट आय वुड डू दॅट’ हेही याच जातीचं. शब्दांत फक्त अनिश्चितता आहे, सांगायचं आहे ते ‘मी तरी असं करणार नाही’.

होप या हिशोबात कुठे बसतो? ‘आशा नाही’ हे आपल्याच भाषेत म्हणून बघा. ‘तो येईल अशी मला आशा नाही’ म्हणजे मी आशा सोडली, निराश आहे. ‘तो येणार नाही अशी आशा आहे’ म्हणजे त्याने येऊ नये अशी माझी इच्छा आहे. एक दुसऱ्याच्या जवळपासही नाही. एखाद्या गोष्टीची आशा नसणं ही अगदी साधी, रोजची अवस्था आहे. मला पुष्कळ गोष्टींची आशाही नसते आणि त्या होऊ नयेत असंही वाटत नसतं. म्हणून आशा नाही म्हटल्यावर ऐकणाऱ्याला मधली शक्यता खोडता येत नाही आणि नकार जिथल्या तिथे राहतो. तुमचं वाक्य हवं होतं ‘आय होप इट डझन्ट क्रॅश.’ अफ्रेड याचाच भाऊ. ‘आय ॲम अफ्रेड ही इझन्ट इन’ म्हणजे ‘माफ करा, ते जागेवर नाहीत’. ‘आय ॲम नॉट अफ्रेड ही इज इन’ म्हणजे ते आत आहेत याची मला भीती वाटत नाही. फोनवर असं वाक्य कोण बोलेल?

हा फरक सर्वांत जास्त उघडा पडतो तो एका दमातल्या उत्तरांत. थिंकचं उत्तर ‘आय डोन्ट थिंक सो’. होपचं ‘आय होप नॉट’. अफ्रेडचं ‘आय ॲम अफ्रेड नॉट’. गेसचं ‘आय गेस नॉट’. सपोज दोन्हीकडे चालतं, ‘आय डोन्ट सपोज सो’ आणि ‘आय सपोज नॉट’. ‘आय थिंक नॉट’ इंग्रजीत आहे, पण त्याला जुना, ताठ, काहीसा तोडून टाकणारा सूर आहे, सहकाऱ्याशी बोलताना वापरू नका. ‘आय डोन्ट होप सो’ मात्र कुठेच वापरत नाहीत. ही उत्तरं पाठ करायला मी आवर्जून सांगते. एकेक क्रियापदाचा स्वभाव त्या दोन-तीन शब्दांत साठवलेला असतो. ‘होप नॉट’ जिभेवर बसलं की पूर्ण वाक्यातही नकार आपसूक खाली जातो.

यापुढचं क्रियापद महाराष्ट्रातल्या, खरं तर भारतातल्याच, इंग्रजी बोलणाऱ्यांना सर्वांत महागात पडतं. ते म्हणजे डाउट. आपण ‘मला शंका आहे’ दोन उलट कामांना वापरतो. ‘तो पैसे परत देईल याबद्दल मला शंका आहे’ म्हणजे देणार नाही असं वाटतं. ‘त्यानेच पैसे घेतले अशी मला शंका आहे’ म्हणजे घेतले असं वाटतं. इंग्रजीने ही दोन कामं दोन क्रियापदांना वाटून दिली आहेत. पहिल्याला डाउट, दुसऱ्याला सस्पेक्ट. डाउटच्या पोटातच नकार आहे: ‘आय डाउट ही टुक द मनी’ म्हणजे ‘त्याने पैसे घेतले असं मला वाटत नाही’. तुम्ही संशय व्यक्त करायला हे वाक्य बोललात तर लंडनमधला किंवा न्यूयॉर्कमधला माणूस बरोब्बर उलटं ऐकतो, तुम्ही त्याची बाजू घेतली असं समजतो आणि पुढे जातो. चौकशीच्या अहवालात, तपासणीच्या ईमेलमध्ये, डॉक्टरांच्या टिपणात हे घडलं तर काय होईल याचा विचार करा. ‘आय डाउट इट इज टीबी’ आणि ‘आय सस्पेक्ट इट इज टीबी’ ही दोन वाक्यं रुग्णाला दोन वेगळ्या दारांशी नेतात.

आपल्या वापराची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्रजीत डाउटचा ‘धास्ती वाटणं, संशय येणं’ हा अर्थ सर्रास होता आणि स्कॉटलंडमध्ये ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येईलसं वाटतंय, असा वापर आजही ऐकू येतो. पण आज जगाशी व्यवहार करताना समोरचा कोणता अर्थ घेईल हे आपल्याला ठाऊक हवं. डाउटच्या खाली आणखी एक नॉट तर घालूच नका. ‘आय डाउट ही वोन्ट कम’ म्हणजे तो येईल असं वाटतंय, पण ते उलगडायला ऐकणाऱ्याला थांबावं लागतं. डिनायलाही हेच लागू. ‘ही डिनाइड दॅट ही हॅड टेकन द मनी’ एवढं पुरे. मराठीतही अधूनमधून ‘पैसे घेतले नसल्याचा इन्कार केला’ असं छापून येतं आणि बिचाऱ्या आरोपीकडून नकळत कबुली वदवली जाते.

निरोप पोचवणाऱ्यांनी से आणि टेल यांना जपावं. ‘द क्लायंट डिडन्ट से दे वुड अप्रूव्ह इट’ म्हणजे ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. ‘द क्लायंट सेड दे वुडन्ट अप्रूव्ह इट’ म्हणजे त्यांनी नकार दिला. मराठीत आपण हे कधी गोंधळत नाही, पण थिंकची नवी सवय लागली की शिकणारे उत्साहात सगळीकडेच नकार वर चढवू लागतात. मनाई सांगायची तर ‘शी टोल्ड मी नॉट टु कॉल’, इथे नॉट टुच्या आधी.

सजेस्ट, रेकमेंड, इन्सिस्ट या मंडळींचं वेगळंच आहे. यांच्या दॅटनंतर काळ नसतो, डझन्ट-डोन्टही नसतं, नुसता नॉट आणि मूळ क्रियापद येतं: ‘आय सजेस्ट दॅट ही नॉट ट्रॅव्हल धिस वीक.’ अमेरिकेत, विशेषतः लेखी इंग्रजीत, हे नेहमीचं आहे. ब्रिटनमध्ये ‘ही शुड नॉट ट्रॅव्हल’ म्हणतात, बोलण्यात ‘ही डझन्ट ट्रॅव्हल’ही चालतं. नकार वर नेऊन ‘आय डोन्ट सजेस्ट दॅट ही ट्रॅव्हल’ म्हटलं तर ‘मी तसं सुचवत नाहीये’ एवढाच अर्थही निघू शकतो, मनाई तितकी स्पष्ट होत नाही.

वॉन्टला तर दॅटच लागत नाही. ‘तू जाऊ नयेस असं मला वाटतं’ याचं ‘आय वॉन्ट दॅट यू डोन्ट गो’ होत नाही, ‘आय डोन्ट वॉन्ट यू टु गो’ होतं. इथेही नकार वर चढला, कारण वॉन्टही मधल्या गटातलं आहे. या मराठी वाक्यातलं ‘वाटतं’ इच्छाही सांगतं आणि सल्लाही. सल्ला द्यायचा असेल तर ‘आय डोन्ट थिंक यू शुड गो’. दोन्हींच्या जागी सरसकट ‘आय फील दॅट यू शुड नॉट गो’ म्हणायची आपली सवय ऐकणाऱ्याला उगाच जड वाटते.

मग ‘आय थिंक’नंतर नॉट कधीच येऊ नये का? तसं अजिबात नाही. जिथे ‘हे नव्हे, ते’ असा विरोध दाखवायचा असतो तिथे नॉट खालीच शोभतो: ‘आय थिंक इट इज नॉट अ बग, इट इज अ कॉन्फिगरेशन प्रॉब्लेम.’ एखादी गोष्ट ठासून नाकारायची असेल, तर ‘आय थिंक धिस इज नॉट अक्सेप्टेबल’ हे ‘आय डोन्ट थिंक धिस इज अक्सेप्टेबल’पेक्षा कडक पडतं. वर गेलेला नकार सौम्य होतो, खाली राहिलेला टोचतो. तुमच्या बाईंच्या कानाला जे खटकलं ते बहुधा हेच असावं. त्यात तुम्ही ‘विल नॉट’ सुटं उच्चारलंत. माणसांबद्दल बोलताना सुटं ‘विल नॉट’ नकार देण्याच्या, ऐकून न घेण्याच्या अर्थाकडे झुकतं. ‘आय थिंक द टीम विल नॉट डू इट’ म्हटलं तर टीमने हट्ट धरलाय असं वाटू शकतं, तुम्हाला मात्र सांगायचं असतं की त्यांना वेळ मिळणार नाही.

एक शेवटची अडचण, जी तुम्ही विचारली नाहीत पण कॉलवर ती येणारच. समोरचा विचारतो, ‘सो यू डोन्ट थिंक इट विल बी रेडी?’ आपण मराठीतल्यासारखं प्रश्नकर्त्याशी सहमती दाखवतो: ‘येस.’ आपल्या मनात ‘हो, नाही होणार’ असतं. इंग्रजीत हो किंवा नाही हे प्रश्नकर्त्याशी सहमत होऊन ठरत नाही, गोष्ट होणार की नाही यावर ठरतं. म्हणून तिथे ‘नो, आय डोन्ट’ म्हणायचं. नुसतं येस म्हटलंत तर ते पुन्हा विचारतील, किंवा न विचारताच शुक्रवारी लॉन्च ठेवतील. तेव्हा नुसत्या येस-नोवर थांबू नका, पूर्ण वाक्य बोला: ‘नो, आय डोन्ट थिंक इट विल बी रेडी बाय फ्रायडे. आय होप इट वोन्ट टेक लाँगर दॅन ट्यूसडे.’ या दोन वाक्यांत तुमच्या प्रश्नातले दोन्ही नकार आपापल्या जागी आहेत. पुढच्या कॉलवर तारीख बदलून हीच वापरा.